दक्षिण आफ्रिकेत केप टाउन ते अॅडोचं हत्ती उद्यान, स्वतः गाडी चालवत जायला आठ दिवस पुरतील का? मिसेसही चालवतात, पण परदेशात गाडी त्यांच्या हातात द्यावी का?

आठ दिवस पुरतात. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

'हातात द्यावी का' म्हणजे काय हो? तुम्हीच प्रश्नाखाली लिहिलंय की त्या बारा वर्षं गाडी चालवतात. आपल्या रस्त्यांवर बारा वर्षं काढलेल्या बाईला तिथला एन २ महामार्ग काय अवघड जाणार? तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. मागून कुणी वेगात आलं की पुढची गाडी रस्त्याच्या डाव्या कडेच्या पिवळ्या रेघेपलीकडे सरकून वाट देते. पुढे गेलेला पार्किंगचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानतो. मला हा प्रकार इतका आवडला की मी उगाचच वाट देत सुटले होते.

आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो. हरमानस, मॉसेल बे, नायस्ना, स्टॉर्म्स रिव्हर आणि शेवटी अॅडो. निम्मं नवऱ्याने चालवायचं, निम्मं मी, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी हरमानसपर्यंत त्याने चालवली, रात्री पाठ धरली, आणि तिथून पुढे गाडी माझ्याकडे. नवरा बाजूच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत होता आणि रस्ता विचारायचं काम करत होता. तेही धड नाही. एका पेट्रोलपंपावर पोऱ्याने 'दुसऱ्या रोबोटला डावीकडे' असं सांगितलं, तर हा चौकात रोबोटचा पुतळा शोधत बसला. तिकडे सिग्नलला रोबोट म्हणतात.

अॅडोच्या अलीकडे संडेज नदीचं खोरं लागतं, जिकडे बघावं तिकडे संत्र्या-लिंबांच्या बागा. रस्त्यालगत जाळीच्या पिशव्यांत संत्री विकायला होती. याने पाच किलो घेतली. दोन माणसांना पाच किलो! मी म्हटलं, अरे, उद्यानात संत्री-लिंबं न्यायला बंदी आहे. 'फळांना कसली बंदी?' म्हणाला. बंदी आहे, आणि कारणही आहे. १९३१ साली हे उद्यान झालं तेव्हा तिथे जेमतेम ११ हत्ती उरले होते. ते शेतांत घुसू नयेत म्हणून त्यांना आत संत्री घालायला लागले, आणि हत्तींना त्यांची अशी चटक लागली की संत्र्यांवरून मारामाऱ्या व्हायच्या. आता हत्ती सहाशेच्या वर आहेत, संत्री घालणं कधीच थांबलं, पण बंदी कायम आहे. दारावर विचारल्यावर याने पिशवी निमूट देऊन टाकली. मला वाटलं, विषय संपला.

आत ताशी ४० च्या वर जायचं नाही. शिवाय शेणकिड्यांना वाट द्या अशा पाट्या आहेत, कारण तिथली एक जात उडूच शकत नाही. मी प्रत्येक किड्यासाठी थांबत होते आणि शेजारून सुस्कारे ऐकू येत होते.

हापूर नावाच्या पाणवठ्याजवळ एक सुळेवाला नर रस्ता धरून सरळ आमच्याकडे यायला लागला. मी थांबले. 'रिव्हर्स घे, रिव्हर्स घे!' आरशात पाहिलं तर मागे अगदी चिकटून एक पांढरी पिकअप, तिच्यामागे आणखी एक गाडी. घेऊ कुठे रिव्हर्स? इंजिन बंद केलं, काचा वर केल्या आणि हात मांडीवर ठेवून बसले. हत्ती बॉनेटपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या पापणीचे केस मोजता आले असते. आणि तेवढ्यात हा अगदी हळू आवाजात म्हणतो, 'अगं, दोन संत्री ठेवलीत मी.' कुठे? 'कॅमेऱ्याच्या बॅगेत.' बॅग कुठे? 'माझ्या पायाशी.'

ओरडायचीही सोय नव्हती.

सोंड त्याच्या बाजूच्या आरशावरून फिरली, काचेवरून फिरली, काचेवर चिखलाचा पट्टा उमटला, आणि मग हत्ती गाडीला वळसा घालून निघून गेला. त्याला वास आला होता की नुसती चौकशी होती, देव जाणे. हा म्हणतो दहा मिनिटं उभा होता. त्याच्याच हातातल्या फोनवरच्या व्हिडिओत पावणेदोन मिनिटं भरतात.

आता घरातल्या प्रत्येक कार्यात ही गोष्ट अशी सांगितली जाते: 'हिने हत्तीसमोर गाडी बंद केली.' संत्री त्यात नसतात. दीर मान हलवतात, 'रिव्हर्स घ्यायला हवी होती, वहिनी.' व्हिडिओत डाव्या आरशात ती पांढरी पिकअप स्वच्छ दिसते, पण तो व्हिडिओ नवरा आवाज काढून पाठवतो, आणि आरशाकडे कोण बघतंय?

एक मान्य करते. मुळात तितकं जवळ जायला नको होतं. दुरूनच थांबून, मागे हटायला जागा राखून उभं राहायचं असतं. मागची पिकअप येऊन चिकटेपर्यंत माझं लक्ष हत्तीकडेच होतं, ती चूक माझी. इंजिन बंद करणं हाही सगळीकडचा नियम समजू नका.

राहिलं तुमचं आठ दिवसांचं. केप टाउनला दोन रात्री, हरमानसला एक, नायस्नाला दोन, स्टॉर्म्स रिव्हरला एक, अॅडोला दोन. हरमानसला जून ते नोव्हेंबरमध्ये देवमासे काठावरच्या खडकांवरूनही दिसतात, बोटीवर पैसे घालवू नका. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका. गाडी भाड्याने घ्याल त्या करारात दुसरा चालक म्हणून मिसेसचं नाव आधीच लिहून घ्या, नाहीतर त्या चालवत असताना काही झालं तर विमा हात वर करेल. आंतरराष्ट्रीय परवाना दोघांचाही काढा. गाडी अॅडोजवळच्या गेबेर्हा विमानतळावर, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथला सोडणार असाल तर त्याचे वेगळे पैसे पडतात, ते आधी विचारा.

वेगाचा दंड गाडीवाल्यांमार्फत मागाहून घरी येतो. आम्हाला एकच आला, ६० च्या हद्दीत ७४ चा. तारीख पहिल्या दिवसाची आहे.