वाचकांचे प्रश्न : वॉशिंग मशीनचे पाणी घरभर झाले तर

प्रश्न : आम्ही १४ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. मशीन ड्राय बाल्कनीत आहे. आम्ही लग्नाला गेलो असताना पाणी हॉलपर्यंत आले आणि खालच्या घराचे पीओपीचे छत भिजले. मशीन तेव्हा बंद होते, आणि त्यात बिघाड नसल्याचे मेकॅनिक सांगतो. मग पाणी आले कोठून? खालच्यांचा खर्च आम्हीच द्यायचा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे बहुधा खरे आहे. पाणी मशीन बंद असताना आले, यावरूनच संशय नळापासून मशीनपर्यंत जाणाऱ्या इनलेट पाइपवर जातो. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह मशीनच्या पाठीमागे असतो. त्यामुळे नळ उघडा राहिला की अलीकडच्या पाइपवर गच्चीवरच्या टाकीचा दाब रात्रंदिवस पडत राहतो, मग मशीनचे बटण बंद असो वा चालू. दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब वाढतो, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मधल्या वाहिनीवर बसवलेला नसेल तर आपल्या मजल्यावर तो तीन किलोच्या आसपास जाऊ शकतो. साध्या नळातून मिनिटाला दहा लिटर पाणी येते असे धरले, तरी फुटलेल्या पाइपमधून तासाभरात ६०० लिटर पाणी घरात येईल, आणि ते टाकी रिकामी होईपर्यंत थांबणार नाही.

पाइप काढून त्याची दोन्ही टोके उजेडात पाहावीत. प्लॅस्टिकच्या नटाला लागूनच पाइपला फुगवटा किंवा बारीक भेगा दिसतात, विशेषतः मशीन भिंतीला टेकवल्यामुळे पाइप तेथे मुडपला असेल तर. नटाच्या आतील रबरी वायसर कडक झाला असेल तर तोही बदलावा. अनेक प्लंबर या नटावर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळून तो पान्ह्याने करकचून आवळतात. वास्तविक येथे गळती आट्यांनी नव्हे, तर वायसरने थांबते. अति आवळल्याने तो चिरतो आणि प्लॅस्टिकचा नटही तडकतो. हाताने घट्ट बसवून किंचित पीळ दिला की पुरे. पाइप दिसायला चांगला असला तरी पाच वर्षांनी बदलावा. स्टीलच्या जाळीचा पाइप अधिक टिकाऊ असतो, पण त्याच्याही आत रबरच असते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. धुणे झाल्यावर नळ बंद करणे हा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते बाजारातील कोणत्याही उपकरणापेक्षा सरस आहे. नळ मशीनच्या मागे, हात न पोहोचणाऱ्या जागी असेल तर मात्र तो कोणीही रोज बंद करणार नाही. अशा वेळी बाजूला, सहज हाताशी येईल असा अँगल कॉक बसवून घ्यावा.

असा प्रसंग पुन्हा आलाच, तर ओल्या पायांनी मशीनचा प्लग उपसायला जाऊ नये. आधी कोरड्या जागी उभे राहून मुख्य स्विच बंद करावा, मग नळ बंद करावा आणि लगेच खालच्या घरी कळवावे, कारण भिजलेल्या पीओपीमध्ये दिव्यांच्या तारा असतात आणि तेथील वीजही बंद करणे आवश्यक असते. वायपर त्यानंतर हाती घ्यावा. प्लायवूडच्या कपाटांखालचे पाणी प्रथम काढावे. ती कपाटे खालून फुगू लागली की पूर्ववत होत नाहीत.

खर्चाबाबत : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक जलवाहिन्यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. येथे पाइप आपला असल्याने खालच्यांचे छत आपण दुरुस्त करून देणेच रास्त ठरेल. फक्त रंगाची घाई करू नये, स्लॅब पूर्ण सुकू द्यावा. अन्यथा पापुद्रे सुटतात आणि तोच वाद पुन्हा उभा राहतो. आपली भारत गृह रक्षा ही घरविम्याची पॉलिसी असेल तर पाण्याच्या टाक्या, उपकरणे व पाइप फुटून झालेले आपल्या घराचे नुकसान तीत येते. शेजाऱ्याची भरपाई हा वेगळा विषय आहे.

प्रश्न : आमच्या फ्रंट लोड मशीनचे पाणी धुताना नव्हे, तर बाहेर सोडतानाच बाल्कनीभर पसरते. शिवाय सोसायटीची टाकी साफ झाल्यापासून एकदा मशीन बंद करूनही पाणी भरतच राहिले. – एक वाचक, पुणे

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचे मूळ न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरील जाळीखालच्या सांडपाण्याच्या खोलगट भांड्यात, असावे. जाळी उचलून पाहिल्यास साबणात कालवलेला दोरे, केस आणि कपड्यांच्या तंतूंचा करडा लगदा आढळेल. तो काढून एक बादली पाणी एकदम ओतून पाहावे. ते तुंबले तर दोष मशीनचा नाही. आउटलेट पाइपही नुसता जमिनीवर टाकलेला नसावा, कारण पंप सुरू होताच तो झटका देतो आणि जाळीवरून सरकतो. तो माहितीपुस्तिकेत दिलेल्या उंचीवर क्लिपने बांधावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वीज बंद करूनही पाणी भरत असेल, तर इनलेट व्हॉल्व्ह मिटत नाही असे निश्चित समजावे. टाकी धुतल्यानंतर पहिल्या पाण्याबरोबर येणारा गाळ किंवा वाळूचा कण त्यात अडकतो. नळ बंद करून पाइपच्या टोकाची जाळी धुवावी, आणि तरीही तसेच झाले तर व्हॉल्व्ह बदलावा. यापुढे टाकी साफ झाली की पहिले पाणी मशीनऐवजी बादलीत सोडावे.

प्रश्न : सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये हा धोका नसतो ना? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असतो. पुरेसे पाणी झाले की नळ आपोआप बंद करणारी यंत्रणा बहुतेक सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये नसते. पाणीकपातीच्या दिवसांत नळ कोरडा पाहून तो तसाच उघडा ठेवून लोक बाहेर पडतात आणि दुपारी पाणी येते. पाणी गेलेले असतानाही नळ फिरवून बंद करावा, आणि पाइप टबमधून काढून न्हाणीत सोडून ठेवावा.