घरात गॅसचा वास येत असेल तर सगळ्यात आधी काय करायचं?

लाईट लावू नका! आणि चालू असेल तर बंदही करू नका, कारण बटण दाबताना बारीकशी ठिणगी पडते आणि तेवढी पुरते. एक्झॉस्ट फॅनचंही तेच, लोक हमखास तो लावायला धावतात.

आपल्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतं, त्याला स्वतःचा वास नसतो, तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो म्हणून तर आपल्याला कळतं. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणजे खाली फरशीवर पसरून बसतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं पण सताड उघडा, बाल्कनीचं असेल तर ते आधी. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा (हे कुणाच्या लक्षात येत नाही). रेग्युलेटर बंद करून काढा, सिलेंडरला पांढरी टोपी लावा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाईनला फोन लावा, २४ तास चालू असतो.

लीक कुठंय ते काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, साबणाचं पाणी लावा की, बुडबुडे येतात.

बाकी, नवीन सिलेंडर घेताना वरच्या पट्टीवर बघा, डी-२७ लिहिलं असेल तर डिसेंबर २०२७ पर्यंत टेस्टिंगची मुदत. ए मार्च, बी जून, सी सप्टेंबर. नारिंगी पाईपवरही तारीख असते, पाच वर्षांनी बदलायचाच, चांगला दिसत असला तरी.