लस देऊनही चार आठवड्यांचे ब्रॉयलर मरत आहेत आणि जठरावर रक्त दिसते. हा राणीखेतच (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) आहे का?

जठरावरच्या रक्तावरून ते ठरत नाही, आणि शेडच्या दारात उभे राहून छातीठोकपणे ठरवणाऱ्यावर विसंबून राहू नये.

मी करार पद्धतीने ब्रॉयलर करत असताना एका बॅचला चौथ्या आठवड्यात मर लागली. कंपनीच्या सुपरवायझरने एकच पक्षी फाडला, जठराच्या सांध्यावरचा रक्ताचा पट्टा दाखवला, राणीखेत म्हणून जाहीर केले आणि 'लस नीट पाजलेली नाही' असा शेरा बॅचच्या कार्डावर ओढला. त्याच पक्ष्याच्या मांडीच्या स्नायूंत रक्ताच्या रेघा होत्या आणि गुदद्वाराजवळची बर्सा (प्रतिकारशक्तीची ग्रंथी) सुजून पिवळसर, चिकट आवरणात गुरफटलेली होती. राणीखेतमध्ये रक्ताचे ठिपके बहुधा ग्रंथिल जठराच्या आतील ग्रंथींच्या टोकांवर येतात. ग्रंथिल जठर आणि दाणे दळणारे जठर या दोहोंच्या सांध्यावरचा पट्टा गंबोरोतही, म्हणजे बर्सावर हल्ला करणाऱ्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगातही, दिसतो. हे मी त्यांना दाखवले, पण त्यांनी ऐकले नाही. शेवटी मी स्वखर्चाने बर्सा बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवली. आरटी-पीसीआरमध्ये गंबोरोचा विषाणू सापडला आणि व्हीपी-२ जनुकाच्या तपासणीतून तो लसीचा नसून अतितीव्र प्रकारचा असल्याचे कळले. कार्डावरचा शेरा मात्र कोणी खोडला नाही.

ही दुसरी तपासणी महत्त्वाची, कारण लस दिलेल्या कळपात नुसत्या 'पॉझिटिव्ह' शब्दाला फारसा अर्थ नसतो. लासोटा ही राणीखेतची जिवंत लस पाजलेल्या पक्ष्यात राणीखेतचा विषाणू सापडू शकतो आणि रक्तातील प्रतिपिंडेही लसीचीच असू शकतात. म्हणून प्रतिपिंडे मोजणाऱ्या एचआय चाचणीसाठी आजाराच्या सुरुवातीचे आणि दोन-तीन आठवड्यांनंतरचे रक्तजल (सीरम) शेजारी ठेवून पाहावे लागते, तर राणीखेतच्या विषाणूची तीव्रता त्याच्या एफ जनुकावरून किंवा पिल्लांच्या मेंदूत विषाणू टोचून केलेल्या आयसीपीआय चाचणीवरून ठरते, ज्यात ०.७ किंवा त्याहून अधिक निर्देशांक आला तरच तो तीव्र मानतात. शिवाय गंबोरो प्रतिकारशक्तीच मोडतो, त्यामुळे लस व्यवस्थित पाजूनही पुढे राणीखेत येऊ शकतो. तेव्हा दोष थेट शेतकऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

नमुने आजारी किंवा नुकत्याच मेलेल्या पक्ष्यांचे द्यावेत, कारण सडलेल्या पक्ष्यातून निदान होणे कठीण असते. विषाणूसाठीचा नमुना बर्फातच न्यावा, फॉर्मेलिनमध्ये बुडवू नये. ऊतींच्या तपासणीसाठी वेगळे तुकडे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावेत. स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ते पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. करारावर सही करण्यापूर्वी मात्र दोन अटी लिहून घ्याव्यात: मर वाढल्यास नमुना कंपनीच्या खर्चाने जाईल आणि अहवालाची प्रत शेतकऱ्याला मिळेल. अहवालाशिवाय मोबदल्यात केलेली कपात मान्य करू नये.

हे सर्व नेहमीच्या मरीबद्दल झाले. पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरत असतील, तुरे निळे पडले असतील, डोके सुजले असेल, तर एकही पक्षी शेडवर फाडू नका. २००६ मध्ये नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने केले होते. असा संशय आल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्वरित कळवावे आणि ते येईपर्यंत पक्षी, अंडी किंवा खत शेडबाहेर जाऊ देऊ नये.