टोमॅटोची फळं पोखरणारी अळी ट्रायकोकार्डने आटोक्यात येते का? कार्ड कधी लावायचं?

हो, येते, पण कार्ड (ट्रायकोग्रामा ही मित्रकीड आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद) फुलं लागताना लावायला हवं; फळांना भोकं दिसल्यावर लावून उपयोग नाही. ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ही अळी ज्या पतंगाची, त्या पतंगाच्या अंड्यात ती स्वतःचं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. बाहेर पडलेल्या अळीला मात्र ती काही करू शकत नाही. शेंड्याकडची, फुलांजवळची पानं उलटसुलट करून बघा: खसखशीपेक्षा लहान, पिवळसर पांढरी, सुटी सुटी अंडी दिसतील. कार्ड लावल्यावर तीनचार दिवसांत त्यातली काही काळी पडली, तर माशी कामाला लागली असं समजा.

प्रमाण हेक्टरी 50,000 माश्या, दर आठवड्याला, असं चार-पाच वेळा. एका कार्डावर साधारण 18 ते 20 हजार अंडी असतात, म्हणजे एकरी एक कार्ड. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला, शेतभर विखरून टाचा. मुंग्या अंडी पळवतात, तेवढं सांभाळा. अळ्या आधीच असतील तर एचएएनपीव्ही (या अळीला मारणारा विषाणू) संध्याकाळी फवारा; अळी फळात शिरायच्या आत तो तिच्या पोटात जायला हवा.

एक अट मात्र कडक आहे: कार्ड लावायच्या आधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक कीटकनाशक नको, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड. त्याने आधी हीच माशी मरते.