व्हिडिओ खरा, तारीख खोटी

प्रश्न : काळा दिन (१ नोव्हेंबर, सीमाभागातील मराठी भाषक पाळतात तो निषेधदिन) जवळ आला किंवा निवडणूक लागली, की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाल्याचे व्हिडिओ फिरू लागतात. ते कोणी मुद्दाम सोडते का, आणि त्यामुळे खरोखर मत फिरते का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिल्यांदा व्हिडिओ कोणी टाकला, हे ग्रुपमध्ये बसून कळत नाही, मात्र असे व्हिडिओ पूर्णपणे बनावट असतातच असे नव्हे, आणि खरी अडचण तिथेच आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरून बेळगाव जिल्ह्यातील हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर खरोखरच दगडफेक झाली होती. तेव्हाचे चित्रीकरण आज 'आत्ताच घडले' म्हणून पाठवले, तर प्रसंग खरा आणि तारीख खोटी ठरते. घटना आपल्या भागातलीच असल्याने शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

मत फिरते का, याचे उत्तर मी सावधपणे देईन. पक्के ठरलेले मत एका व्हिडिओने उलटते, असे मला वाटत नाही. मतदानाला जायचे की घरी बसायचे, यावर मात्र परिणाम होऊ शकतो. २०१० मध्ये अमेरिकेतील निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सुमारे ६.१ कोटी लोकांवर एक प्रयोग केला. मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे ज्यांना संदेशासोबत दिसले, त्यांच्यात मतदान किंचित वाढले. चेहऱ्यांविना तोच संदेश मिळालेल्यांवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही. संशोधकांच्या अंदाजाने एकूण सुमारे ३,४०,००० मते वाढली. गावच्या ग्रुपवर तर पाठवणारा चुलता नाहीतर तालमीतला सोबती असतो, त्यामुळे मजकुरापेक्षा त्याच्यावरचा विश्वासच अधिक काम करतो.

संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो किमान पाच हातांतून पुढे आलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. व्हिडिओ उतरवून नव्याने टाकला, की बाण नाहीसा होतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. गाडीची नंबरप्लेट, दुकानांच्या पाट्या आणि अंगावरचे कपडे पाहावेत, आणि पाठवणाऱ्याला ग्रुपवरच 'काका, हा कधीचा?' असे विचारावे. राजकीय जाहिरातींना निवडणूक आयोगाच्या समितीचे पूर्वप्रमाणपत्र लागते, पण चुलत्याने पुढे ढकललेला व्हिडिओ त्या नियमात बसत नाही. तिथे हा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल.