एट्रियल फिब्रिलेशनमध्ये रक्त पातळ करणाऱ्या गोळीऐवजी ॲस्पिरिन चालेल का?

आपल्या ७८ वर्षांच्या आईंना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, असल्याचे ईसीजीत आढळले आणि डॉक्टरांनी ॲपिक्सॅबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिले. त्यांना रक्तदाब आहे, वजन ५२ किलो आहे आणि अधूनमधून तोल जातो. त्यामुळे रक्तस्रावाच्या भीतीने नातेवाईक ‘त्यापेक्षा ॲस्पिरिन द्या, नाहीतर अर्धीच गोळी द्या’ असे सुचवत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण हे दोन्ही सल्ले औषधाच्या दुकानात नेहमी कानावर पडतात आणि मला ते दोन्ही घातक वाटतात.

प्रथम ॲस्पिरिनविषयी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी जोडलेली असते; तिच्यात रक्त रेंगाळते आणि तेथे गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. अशी गुठळी मुख्यतः रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतून तयार होते, तर ॲस्पिरिन प्लेटलेट या पेशींवर काम करते, म्हणून येथे त्याचा उपयोग फार थोडा होतो. ॲपिक्सॅबॅन त्या साखळीतील दहावा घटक अडवते. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे जुने औषध देणे ज्यांच्या बाबतीत योग्य नव्हते अशा साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवर ॲस्पिरिन आणि ॲपिक्सॅबॅनची थेट तुलना झाली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्के होते, ॲपिक्सॅबॅन घेणाऱ्यांत ते १.६ टक्के होते. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. ‘साधी, सौम्य गोळी’ म्हणून ॲस्पिरिन निवडणाऱ्याच्या पदरी धोका तेवढाच पडतो आणि संरक्षण मात्र निम्म्याहूनही कमी मिळते.

आता अर्ध्या गोळीविषयी. ॲपिक्सॅबॅनची २.५ मिलिग्रॅमची मात्रा अस्तित्वात आहे, परंतु ती भीतीच्या प्रमाणात ठरत नाही. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, या तीनपैकी किमान दोन गोष्टी लागू असतील तरच ती देतात. आपल्या आईंना सध्या वजनाची एकच लागू दिसते, त्यामुळे क्रिएटिनिन १.५ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा योग्यच आहे. दोन वर्षांनी, वजन एवढेच राहिले तर, मात्रा कमी करण्याचा प्रश्न डॉक्टरांपुढे आपणच काढावा. जुनी चिठ्ठी दाखवून तीच पाकिटे वर्षानुवर्षे नेणारी घरे मी पुष्कळ पाहतो. क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून निदान एकदा, आणि या वयात त्याहून लवकर करून घेणे बरे.

तोल जाण्याची काळजी रास्त आहे, पण केवळ त्या कारणासाठी गोळी नाकारणे बहुतेकांच्या बाबतीत तोट्याचे ठरते. पक्षाघाताचा धोका मोजण्यासाठी डॉक्टर गुण देतात; वय आणि रक्तदाब एवढ्यावरच आईंचे तीन गुण होतात, स्त्री असण्याचा चौथा गुण धरला नाही तरी; दोन गुणांनाही गोळी सुचवली जाते. पडण्यावर उपाय पडण्याचेच करावेत: न्हाणीघरात दांडी, रात्री दिवा, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार. रक्तदाब ताब्यात ठेवावा आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेली वेदनाशामक गोळी परस्पर आणू नये. रक्तस्राव वाढवणारी खरी जोडी बहुधा ॲपिक्सॅबॅन आणि अशी वेदनाशामक गोळी हीच असते, आणि ही दुसरी गोळी चिठ्ठीशिवाय मागितली जाते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावी: टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आहे का? आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण अजूनही बरेच आहेत. मायट्रल झडप मध्यम किंवा तीव्र अरुंद असेल, अथवा कृत्रिम धातूची झडप बसवलेली असेल, तर ॲपिक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत. संधिवाताच्या हृदयरोगातील २०२२ च्या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतीय रुग्णही होते, रिवारोक्सॅबॅन या तशाच नव्या गोळीपेक्षा जुन्या प्रकारचीच औषधे सरस ठरली. तेथे वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही जुनी औषधे घेऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वरचेवर तपासावा लागतो, आणि पालक-मेथी बंद न करता रोजच्या आहारात साधारण सारख्या प्रमाणात ठेवावी लागते. ॲपिक्सॅबॅनला ही दोन्ही पथ्ये नाहीत.

त्याचे पथ्य वेळेचे आहे. त्याचा परिणाम एखाद्या दिवसात ओसरतो, म्हणून पाकीट संपण्याआधीच पुढचे आणून ठेवावे. एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. दात काढण्यापूर्वी ती आपल्या मनाने थांबवू नये. डोक्याला मार लागला, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा लघवीतून रक्त गेले, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात जावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांतले काहीही दिसल्यास तर क्षणाचाही विलंब नको. जाताना औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येईल की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.