सात महिन्यांच्या बाळासाठी पहिली पुस्तके कशी निवडावीत?

आपली मुलगी सात महिन्यांची आहे, पहिली चार-पाच मराठी पुस्तके घ्यायची आहेत, पण हाती येईल ते ती तोंडात घालते, असे आपण लिहिले आहे. आम्हीही मुंबईतच राहतो आणि माझ्या मुलाला, जो आता साडेतीन वर्षांचा आहे, मी पाचव्या महिन्यापासून वाचून दाखवत आले आहे.

पुस्तक घेण्याआधी दुकानातच ते हलक्या आवाजात वाचून पाहा. या वयात गोष्ट कळत नसते. बाळाला हवा असतो आपला आवाज, शब्दांचा ठेका आणि तेच तेच पुन्हा येणे, आणि जे वाक्य आपल्याच जिभेवर अडखळते ते दिवसातून दहा वेळा वाचणे कोणाच्याही जिवावर येते. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात. तिथे आधी स्वतः वाचून पाहता येते. मात्र बाळाला पडद्यावर दाखवू नका. वर्षाच्या आतील मुलांना पडदा नकोच, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे.

चित्र पानावर एकच, ठळक आणि शक्यतो रोजच्या पाहण्यातले असावे. आमच्या एका पुस्तकात पेंग्विन होता आणि कावळाही. पेंग्विनचे पान मुलगा नुसतेच उलटत असे. दहाव्या महिन्यात एका सकाळी त्याने चित्रातल्या कावळ्यावर बोट ठेवले, मान वळवून खिडकीच्या ग्रिलवर बसलेल्या कावळ्याकडे पाहिले आणि ‘का’ म्हणाला. त्या पानाचा कोपरा आज चघळून गेला आहे, कावळ्याचा एक पायही गेला आहे, तरी झोपण्यापूर्वी त्याला तेच पुस्तक लागते.

तोंडात घालण्यासाठी जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकेच द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाळेने भिजलेला पुठ्ठा लवकर वाळत नाही, फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ते घशात अडकू शकतात, म्हणून कोपरे रोज तपासा आणि पुस्तक पुसून पंख्याखाली उघडे ठेवा. पातळ पुस्तकांच्या पिना काढून मी मधोमध जाड दोऱ्याने टाके घातले, आणि तरीही ती माझ्याच हातात ठेवली.

पाच पुस्तके एकदम घेऊ नका. तीन घ्या, तिच्या हाताला येतील अशी जमिनीवर ठेवा, आणि रांगू लागल्यावर ज्याच्याकडे ती वारंवार जाईल त्याच्या जातीचे चौथे आणा.